शेपट्या मोजल्या, आता नख्या बघा : ट्राउटच्या पाण्यातले किडे

उन्हाळ्याच्या तोंडावर तीर्थन, बरोटची ऊहल किंवा काश्मीरची लिद्दर गाठणाऱ्या वाचकांची पत्रं दरवर्षी येतात. या वेळी त्यांतल्या बहुतेकांची मागणी एकच आहे : ‘सोबतच्या फोटोतल्या किड्याची जात सांगा.’ नुसत्या फोटोवरून जात क्वचितच सांगता येते, आणि फ्लाय निवडायला ती लागतही नाही. किडा कोणत्या गटातला, कोणत्या अवस्थेतला आणि तो पाण्याबाहेर येतो कसा, एवढं कळलं की पेटीतली फ्लाय हाताला लागते. म्हणून उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत. (खाली ‘फ्लाय’ म्हणजे गळावर बांधलेली बनावट माशी आणि ‘पिल्लू’ म्हणजे पाण्यात राहणारा, पंख न फुटलेला निम्फ.)

एप्रिलमध्ये तीर्थन नदीत दगड उलटून पाहिले. काही किड्यांना तीन शेपट्या होत्या, काहींना दोन. तीन म्हणजे मेफ्लाय, दोन म्हणजे स्टोनफ्लाय असं वाचलं होतं. दोनवाले जास्त दिसले म्हणून स्टोनफ्लायच्या पिल्लासारखी जड निम्फ फ्लाय दिवसभर तळाशी चालवली, मासा लागला नाही. नियम चुकीचा आहे का? – पुणे

नियम अर्धा आहे. स्टोनफ्लायच्या पिल्लाला दोनच शेपट्या असतात, हे खरं. पण दोन शेपट्यांचं प्रत्येक पिल्लू स्टोनफ्लायचं नसतं. खळाळत्या थंड पाण्यात गोट्यांना चिकटून राहणारी एपिओरस नावाची मेफ्लाय आहे. तिलाही दोनच शेपट्या, आणि हिमालयातल्या ओढ्यांत ती सर्रास सापडते. बीटिसच्या कुळातही काहींची मधली शेपटी इतकी आखूड असते की भिंगाशिवाय ती दिसतच नाही. त्यात शेपट्या नाजूक. दगडावरून बोटाने खरवडून काढलेल्या पिल्लाची एखादी शेपटी हमखास मोडते आणि तीनवाला दोनवाला होऊन बसतो.

म्हणून शेपट्या मोजून झाल्या की पायांची टोकं बघा. दहापट मोठं दाखवणारं भिंग त्याला पुरतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि किडा भिंगाकडे आणायचा. उलट केलं तर नुसतं धुकं दिसतं. मेफ्लायच्या प्रत्येक पायाला एकच नखी असते, स्टोनफ्लायच्या पायाला दोन. ही खूण सगळ्यांत भरवशाची, कारण सहा पायांतला एखादा तरी शाबूत असतोच.

दुसरी खूण कल्ल्यांची. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना, पानांसारखे नाहीतर झुबक्यांसारखे, ओळीने लागलेले असतात. हिमालयात सापडणाऱ्या स्टोनफ्लायच्या पोटाच्या कडा साफ असतात. कल्ले असलेच तर बहुतेक वेळा छातीखाली, पायांच्या मुळाशी, काखेतल्या केसांसारखे. पूर्ण वाढलेल्या पिल्लात पंखांचे खिसेही बघावेत : मेफ्लायच्या पाठीवर एकच जोडी ठळक दिसते, स्टोनफ्लायच्या पाठीवर एकामागे एक अशा दोन.

एपिओरसचं पिल्लू पांढऱ्या झाकणात सेंटीमीटरभर पाण्यात ठेवून पाहा. अंग इस्त्री फिरवल्यासारखं चपटं, डोकं पसरट आणि दोन्ही डोळे डोक्याच्या कडेला नसून वरच्या बाजूला. पोटाच्या कडेचे कल्ले एकावर एक कौलांसारखे सरकलेले. काडीने टोचलं तर ते पळत नाही, खेकड्यासारखं तिरकं सरकतं आणि पुन्हा चिकटून बसतं. स्टोनफ्लाय त्याच झाकणात सरळ चालत सुटते, आणि उचलून पाण्यात सोडली तर अंग डावी-उजवीकडे वळवत हेलपाटते. बीटिस मात्र माशाच्या पिलासारखी सुळकन पोहून जाते. चार-पाच वेळा बघितलं की ही चालच ओळख पटवते, भिंग खिशातच राहतं.

आता मासा न लागण्याचं. स्टोनफ्लाय पाण्यातून वर पोहत येत नाही. पिल्लू तळावरून काठाकडे चालत जातं, धोंड्यावर चढतं आणि तिथे कात टाकतं. धोंड्यांच्या पाण्याबाहेरच्या अंगावर पाठ फाटलेल्या रिकाम्या काती चिकटलेल्या दिसतात त्या याच. म्हणजे ही निम्फ फ्लाय चालवायची तर पहाटे, काठालगत आणि तळाला धरून. भर दुपारी मधल्या धारेत त्याला फारसा अर्थ नाही. एपिओरसचं उलट. या गणातल्या अनेक जातींत पंख फुटलेली माशी कात तळाशीच सोडते आणि पंखांसकट वर येते. म्हणजे दोन शेपट्यांचे ते किडे एपिओरस असतील, तर मासे मधल्या पाण्यात वर येणाऱ्या माश्या टिपत होते आणि तुमची फ्लाय त्यांच्या खालून जात होती. अशा वेळी १२ किंवा १४ नंबरची मऊ पिसांची ओली फ्लाय (पार्ट्रिज अँड ऑरेंजसारखी) धारेवर आडवी टाकायची, तिला बुडू द्यायचं आणि दोर ताणून आपोआप वर उचलली जाऊ द्यायची. मासा बहुधा त्या उचलीच्या क्षणीच घेतो.

मच्छरदाणीचं कापड दोन काठ्यांना बांधून जाळी केली. गाळ आणि पालापाचोळा भरपूर निघतो, किडे अगदी थोडे. काय चुकतंय? – नाशिक

मच्छरदाणीची भोकं एक मिलिमीटरहून मोठी असतात. मोठ्या स्टोनफ्लाय अडकतात. बीटिसची लहान पिल्लं, मिजच्या (चिलटांसारख्या बारीक माश्यांच्या) अळ्या आणि माशांचं रोजचं निम्मं जेवण गाळून जातं. अर्धा मिलिमीटर भोकांचं नायलॉनचं कापड घ्या. एक मीटर लांब, पाऊण मीटर रुंद तुकडा पुरे. काठ्या कापडाच्या खाली वीतभर जास्त ठेवा, म्हणजे त्या तळात रोवता येतात. खालच्या कडेला शिशाचे मणी किंवा साखळी शिवली नाही तर पाणी जाळीखालून निघून जातं, आणि किडेही.

जागाही महत्त्वाची. डोहात ढवळलं तर गाळच येणार. घोटा ते गुडघा खोल, खळखळ वाहणारं पाणी आणि मुठीपासून नारळापर्यंतच्या आकाराचे गोटे असलेली जागा निवडा. जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला, थोडी मागे कललेली धरा. जोडीदाराने वरच्या अंगाला साधारण दीड-दोन फूट अंतरावर उभं राहून आधी मोठे गोटे उचलून जाळीसमोर हाताने चोळावेत, मग टाचेने तळ मिनिटभर ढवळावा. जाळी उचलताना खालची कड पुढे ओढत, झोळीसारखी उचला. सरळ वर उचलली की अर्धे किडे परत पाण्यात.

एक सांभाळा. सुपारी ते अक्रोडाएवढ्या बारीक खड्यांचा, साफ दिसणारा पट्टा ढवळू नका. ब्राउन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाला अशाच खड्यांत अंडी घालते आणि मार्च-एप्रिलमध्ये तिची पिलं अजून खड्यांतच असू शकतात.

ट्रे विकत घ्यायची गरज नाही. श्रीखंडाचा पांढरा डबा उत्तम. दोन-तीन सेंटीमीटर पाणी, चमचाभर कचरा, आणि मग दोन मिनिटं हात न लावता बघत बसायचं. घाई करणाऱ्याला कचराच दिसतो. थांबणाऱ्याला कचरा चालायला लागलेला दिसतो. डबा उन्हात ठेवू नका. पाणी तापून प्राणवायू कमी झाला की स्टोनफ्लाय पायांवर अंग वर-खाली करत जोर काढू लागते. ते दिसलं की लगेच सगळे पाण्यात सोडा.

दगडांवर वाळूच्या आणि काड्यांच्या बारीक नळ्या चिकटलेल्या असतात. त्यात काही जिवंत असतं का? आणि शेवाळात बिनघराची हिरवी अळी सापडली, ती कसली? – ठाणे

दोन्ही कॅडिसच्या, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या पतंगासारख्या माशीच्या. कॅडिसची अळी मऊ अंगाची असते. डोक्याजवळ सहा पाय, पाठीवर पंखांचे खिसे नाहीत, आणि मागच्या टोकाला दोन आकडे. शेपट्या नसतात, आकडे असतात. अळी ओळखायला हे आधी बघावं. नळी जिवंत आहे का ते कळायला ती पाण्यातच पाच मिनिटं राहू द्या. अळी डोकं बाहेर काढते. तोंड खड्याने किंवा रेशमाने बंद केलेलं असेल तर आत कोश आहे.

घर न बांधणाऱ्यांत दोन महत्त्वाच्या. मुंडावळ्यांच्या मण्यांसारखं ठळक खाचा पडलेलं, बहुधा हिरवं अंग आणि डोक्यामागचं फक्त पहिलंच कडं टणक, ही ऱ्हायकोफिला. मोकळी फिरून शिकार करते. छातीची तिन्ही कडी वरून टणक आणि पोटाखाली फांद्या फुटलेले पांढरे कल्ले, ही हायड्रोसायकी. ती दोन गोट्यांच्या फटीत रेशमाची जाळी विणते. दगड पाण्याखालीच हळूच तिरका करून बघा : खिडकीच्या जाळीसारखी चौकोनी, सरळ वीण दिसते, आणि अळी तिच्या शेजारी खड्यांच्या आडोशाला दबून असते. दगड पाण्याबाहेर काढलात की तीच जाळी शेंबडासारखा लगदा होते, म्हणून बहुतेकांनी ती कधी पाहिलेलीच नसते. हिमालयात याखेरीज स्टेनोसायकी नावाची, लांबट डोक्याची, चांगली मोठी अळीही मिळते.

गळासाठी अळीपेक्षा कोशाची वेळ मोलाची. पूर्ण वाढलेला कोश घर कापून निघतो, लांब मधल्या पायांनी वल्हवत वर येतो आणि मासे त्याचा पाठलाग करतात. म्हणून पाणी उडवत येणारे मासे दिसले की आधी कॅडिसचा संशय घ्यावा. बसलेली प्रौढ कॅडिस छपरासारखे पंख मिटते, पंखांवर बारीक केस असतात, शेपटी नसते. एल्क हेअर कॅडिस ही तरंगणारी कोरडी फ्लाय चालते, पण तिच्याखाली वीतभर अंतरावर ओली फ्लाय बांधली तर कोशाचीही सोय होते.

संध्याकाळी डोहाच्या शेपटाला मासे सारखे वर येत होते. पंख उभे केलेले राखाडी किडे पाण्यावर वाहत होते. त्याच मापाची कोरडी फ्लाय टाकली, मासे तिला शिवेनात. – मुंबई

आधी एक चाचणी. वाहत येणाऱ्या किड्यांपैकी एकावर नजर ठेवा आणि तो माशांच्या पट्ट्यातून जाताना नाहीसा होतो का बघा. असे दहा मोजा. दहाही सुखरूप गेले, तर मासे ते किडे खातच नाहीत. दिसणारा किडा आणि खाल्ला जाणारा किडा यांत नेहमी गल्लत होते.

मासा वर आल्यावर बुडबुडा राहतो का, तेही बघा. तोंड पाण्याबाहेर येऊन त्याने काही घेतलं तर हवा आत जाते आणि मागे बुडबुडा राहतो. नुसती पाठ, पर आणि शेपटी दिसली आणि बुडबुडा नाही, तर खाणं पृष्ठभागाच्या बोटभर खाली चाललं आहे. कात टाकता टाकता अडकलेली मेफ्लाय किंवा मिजचा कोश. अशा वेळी पॅराशूट फ्लायच्या (पिसं आडवी गुंडाळलेल्या कोरड्या फ्लायच्या) शेपटाकडचा भाग थुंकीने ओला करून तो पाण्याखाली लोंबू द्यावा.

बारीक, शांत चुंबन घेतल्यासारखे वलय उठत असतील तर बहुधा स्पिनर. मेफ्लाय हा एकच किडा आहे की जो पंख फुटल्यावरही आणखी एकदा कात टाकतो. पहिली पंखवाली अवस्था डन : पंख धुरकट, अंग मळकट. नंतरची स्पिनर : पंख सेलोफेनसारखे आरपार, अंग तकतकीत, शेपट्या बऱ्याच लांब. अंडी घालून झाली की ती पंख दोन्ही बाजूंना आडवे पसरून पाण्यावर पडते आणि काठावरून अजिबात दिसत नाही. मत्स्यालयाची बारीक जाळी पृष्ठभागावर अर्धी बुडवून मिनिटभर धरा. पंख आडवे पडलेल्या चार स्पिनर मिळाल्या की उत्तर हातात आलं. तेवढ्यासाठी नवी फ्लाय नको. असलेल्या कोरड्या फ्लायची गळाखालची पिसं कात्रीने साफ कापा, म्हणजे ती उभी न राहता पाण्यात चपटी बसते.

पण हे सगळं करण्याआधी एक साधी शंका. डोहाच्या शेपटाला पाणी एकदम वेग घेतं. दोर तिथल्या वेगवान पाण्यात पडतो आणि फ्लाय ओढली जाते. तुम्हाला ती सरळ वाहतेय असं वाटतं, माशाला तिच्यामागे उमटणारी रेघ दिसते. दोर कमी टाका, जवळ जा, काठी उंच धरून दोर पाण्यावरून उचललेला ठेवा. नकाराच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

इथे कोलोरॅडोत फ्लायच्या दुकानात महिन्यावार किड्यांचे तक्ते मिळतात. भारतात येताना तोच तक्ता वापरता येईल का? – डेन्व्हर

नावं बरीच जुळतील, तारखा जुळणार नाहीत. बीटिस, एपिओरस, ऱ्हायकोफिला, हायड्रोसायकी हे गण दोन्हीकडे आहेत, जाती वेगळ्या. तुमच्याकडचा सॅमनफ्लायचा जूनमधला सोहळा हिमालयात शोधू नका. तिचा गण टेरोनार्सिस, तो तिथे नाही. तारखांचा हिशेब पाण्यावर ठेवा. मे-जूनमध्ये बर्फाचं गढूळ पाणी, मग पावसाचं. मधला काळ बऱ्याच नद्यांवर वाया जातो. मार्च-एप्रिल आणि पावसानंतरचा ऑक्टोबर हेच खरे दिवस. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची बंदी असते आणि एरवीही मत्स्य विभागाचा परवाना लागतो.

तक्त्यापेक्षा उपयोगी दोन गोष्टी बरोबर आणा. एक थर्मामीटर : पाणी १० ते १६ अंशांत असताना मासे खाण्यात असतात, २० च्या वर गेलं की त्यांना सोडून द्यावं. दुसरी, पंखांच्या खिशांवर नजर. पिल्लाचे खिसे काळेभोर, फुगलेले दिसले तर ते एक-दोन दिवसांत बाहेर पडणार. फिकट असतील तर अजून वेळ आहे. ढगाळ, झिमझिम दिवशी बीटिस दुपारी हमखास निघते. हे दोन्ही देशांत सारखंच.

गाळात लालभडक अळ्या, आणि धबधब्याखालच्या गुळगुळीत कातळावर काळे ठिपके. माशांना चालतात का? – कोल्हापूर

लाल अळ्या मिजच्या, कायरोनोमिडी कुळातल्या. रंग हिमोग्लोबिनचा, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तगतात. खऱ्या पायांचा पत्ता नाही, हीच डिप्टेराची (दोन पंखांच्या माश्यांच्या गटाची) खूण. मासे त्या आणि त्यांचे कोश मनापासून खातात; १८ ते २२ नंबरची झेब्रा मिज ठेवा. ठिपक्यांना भिंग लावा. तळाकडे फुगीर, एका टोकाने चिकटलेले आणि डोक्यावर दोन पंखे उघडझाप करणारे असतील तर ब्लॅकफ्लाय. खालून सहा चोषकांची सरळ ओळ दिसली तर ब्लेफॅरिसेरिडी कुळातली अळी. ती कातळ सोडत नाही, गळवाल्याला तिचा फारसा उपयोग नाही. अभ्यासकांना मात्र असल्या कातळांचं अप्रूप आहे : ड्युटेरोफ्लेबिया या चमत्कारिक मिजचं पहिलं वर्णन १९२२ मध्ये काश्मीरच्या नमुन्यांवरून झालं.

भंडारदऱ्याजवळच्या ओढ्यात तीन शेपट्यांची हिरवी मेफ्लाय मिळाली. सह्याद्रीत सराव करता येईल का? – संगमनेर

फोटोतली मेफ्लाय नाही, टाचणीचं (चतुराच्या नात्यातल्या सडपातळ किड्याचं) पिल्लू आहे. त्या शेपट्या नीट बघा : केसांसारख्या नाहीत, पानासारख्या रुंद आहेत, ते कल्लेच आहेत. पोटाच्या कडा साफ आहेत, आणि हनुवटीखाली घडी घातलेला, झपकन पुढे येणारा ओठ आहे.

सराव जरूर करा. ट्राउट महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत नाही, पाणीच तेवढं थंड राहत नाही. पण गट तेच. पावसानंतर सप्टेंबर ते डिसेंबर, पाणी नितळलं की गोटे उलटा. बीटिस, चपट्या मेफ्लाय, हायड्रोसायकी, निओपेर्ला ही स्टोनफ्लाय, आणि दगडाला नाण्यासारखी चिकटलेली वॉटर पेनी ही भुंग्याची अळी. चतुर, टाचणी आणि मेफ्लाय यांची पिल्लं एकाच डब्यात मिळतात, हा तिथला फायदा.

नमुने घरी आणले की रंग उडतो आणि फ्लाय बांधताना चूक होते. कसे टिकवावेत? – सांगली

रंग स्पिरिटमध्ये उडणारच, म्हणून तो आधी टिपा. जिवंत किडा स्वच्छ काचेच्या ग्लासात पाण्यात घालून खालून बघा. ट्राउट बऱ्याचदा खालूनच बघते, आणि पाठ काळपट तपकिरी असलेल्या पिल्लाचं पोट फिकट पिवळं निघतं. फोटोत शेजारी तुमचाच १४ नंबरचा गळ ठेवा; गळाच्या नंबरांचं माप कंपनीगणिक बदलतं, शेजारी ठेवलेला गळ खोटं बोलत नाही. शेपट्या सोडून अंगाची लांबी गळाच्या दांडीशी जुळवा. दुधासारखं पांढरं पिल्लू मिळालं तर वेगळी जात समजू नका. त्याने नुकतीच कात टाकली आहे, तासाभरात रंग धरेल.

मग ८० टक्के इथेनॉल, किड्यांच्या किमान दुप्पट. पहिल्या दिवसानंतर एकदा बदला, कारण किड्यांच्या अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं. प्रवासात हँड सॅनिटायझरची पारदर्शक जेलही चालते. तिच्यात किडा तरंगत राहतो, पाय मोडत नाहीत. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली : जागा, तारीख, पाण्याचं तापमान, दगडाखाली की पृष्ठभागावर. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये पुसून जाते आणि बाटलीत उरतो निळसर द्रव. आणि ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत असाल तर बाटली काढूच नका. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय किडाही नेता येत नाही. तिथे झाकणात बघायचं, फोटो घ्यायचा आणि त्याच दगडाखाली परत सोडायचं.